विद्यार्थ्याच्या गुणवत्तेची विधिमंडळाकडून दखल : प्रथा, अधिकार आणि मर्यादा

पंडरी (रायपूर) : दहावी-बारावीचे निकाल जाहीर झाले की गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार गल्लोगल्ली होतात. विधानसभेने एखाद्या विद्यार्थ्याच्या यशाची दखल घेणे ही मात्र निराळी बाब आहे. सभागृहातील उल्लेख अधिकृत कार्यवृत्तात नोंदला जातो आणि तो कायम राहतो. या सन्मानाने विद्यार्थ्याला नेमके काय मिळते, हे समजून घेणे त्यामुळे आवश्यक ठरते.

कापडबाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या पंडरीहून मोवा-सड्डूमार्गे जाणारा रस्ता छत्तीसगड विधानसभेच्या जुन्या इमारतीकडे जातो. 1956 पर्यंत या भागाचे लोकप्रतिनिधी नागपूरच्या विधानसभेत बसत आणि त्यानंतर भोपाळच्या. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. नव्या विधानसभेची पहिली बैठक 14 डिसेंबर 2000 रोजी रायपूरच्या राजकुमार कॉलेजमध्ये झाली. नवा रायपूर येथील नव्या विधानभवनाचे उद्घाटन 1 नोव्हेंबर 2025 रोजी झाले. राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळही 2001 मध्ये रायपूर येथेच स्थापन झाले. दहावी-बारावीच्या परीक्षा घेऊन गुणवत्ता यादी हेच मंडळ जाहीर करते.

विधिमंडळात अभिनंदनाचे प्रमुख मार्ग दोन आहेत. अध्यक्ष सभागृहाच्या वतीने अभिनंदनपर उल्लेख करतात, किंवा सदस्यांच्या सहमतीने अभिनंदन प्रस्ताव संमत होतो. असा प्रस्ताव सभागृहाचे मत व्यक्त करतो. तो कायदा नसतो. त्यातून प्रवेशात प्राधान्य, शुल्कमाफी किंवा नोकरीचा हक्क निर्माण होत नाही. भारतात असा मान बहुधा खेळाडू, शास्त्रज्ञ व सैनिकांच्या वाट्याला येतो. महाराष्ट्र विधिमंडळाने 5 जुलै 2024 रोजी विधानभवनाच्या मध्यवर्ती सभागृहात टी-20 विश्वविजेत्या संघातील मुंबईकर खेळाडूंचा गौरव केला, हे त्याचे अलीकडचे उदाहरण होय.

अमेरिकेत चित्र वेगळे आहे. टेक्सास, जॉर्जिया यांसारख्या राज्यांची विधिमंडळे शालेय विद्यार्थ्यांच्या अभिनंदनाचे ठराव नेहमी संमत करतात आणि ठरावाची प्रत संबंधितांना दिली जाते. मात्र तेथेही हे ठराव कायद्याचे बळ बाळगत नाहीत.

विद्यार्थ्याला आर्थिक साह्य द्यावयाचे असल्यास अभिनंदन पुरेसे नसते. राज्यघटनेच्या कलम 266 (3) नुसार राज्याच्या एकत्रित निधीतून कायद्यानुसार मंजुरीवाचून रक्कम खर्च करता येत नाही. कलम 204 मध्ये विनियोजन विधेयकाची तरतूद आहे. त्यामुळे शिष्यवृत्तीच्या तरतुदीस सभागृहाने दिलेली मंजुरी ही गुणवत्तेची अधिक ठोस दखल ठरते. केंद्राच्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्यांना नववी ते बारावीपर्यंत दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. त्यासाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख रुपये आहे. छत्तीसगड शासनाने ऑक्टोबर 2022 मध्ये गुणवंतांना हेलिकॉप्टरची सफर घडवली होती. हा निर्णय मात्र शासनाचा होता, विधानसभेचा नव्हे.

गौरवापूर्वी पडताळणीही महत्त्वाची आहे. 2008 मध्ये छत्तीसगडच्या बारावीच्या गुणवत्ता यादीतील एक निकाल तपासानंतर रद्द करावा लागला होता. अनावश्यक स्पर्धा टाळण्यासाठी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने अलीकडच्या वर्षांत गुणवत्ता यादी जाहीर करणेच थांबवले आहे. ज्याचे नाव कार्यवृत्तात कायमचे जाणार तो विद्यार्थी बहुधा अल्पवयीन असतो. म्हणून निकालाची खातरजमा आणि पालकांची संमती या दोन बाबी अभिनंदनाआधी पूर्ण होणे उचित ठरते.

सभागृहाचे अभिनंदन एका विद्यार्थ्याचा मान वाढवते, तर अर्थसंकल्पातील तरतूद शुल्काअभावी मागे राहू शकणाऱ्या अनेकांना वर्गात टिकवून ठेवते. विधिमंडळाकडे हे दोन्ही अधिकार आहेत. त्यांपैकी दुसऱ्याचा वापर दरवर्षी अर्थसंकल्पी अधिवेशनात करता येतो.