पोंच कोणाची?

पत्राची पोंच हातीं आली कीं माणूस निर्धास्त होतो. परंतु ती पोंच देतो कोण? मधला जासूद, देवडीवरचा कारकून, कीं ज्याच्यासाठीं पत्र लिहिलें तो स्वतः? संगणकांच्या जाळ्यांतून फाइली धाडण्याचे नियम ज्यांनीं घडविले, त्यांस हा प्रश्न पदोपदीं अडला.

आर्पानेट हें अमेरिकन जाळें १९६९ सालीं सुरू झालें. पुढें १९७१ च्या एप्रिलमध्यें, एका यंत्रावरील फाइल दुसऱ्यावर नेण्याच्या नियमांचा पहिला खर्डा अभय भूषण यांनीं लिहिला. हे कानपूरच्या आय. आय. टी. चे पदवीधर, त्या वेळीं ते अमेरिकेंत एम. आय. टी. मध्यें होते. १९७२ च्या सुधारलेल्या नियमांत माल एका वाटेनें आणि त्याविषयींचें बोलणें दुसऱ्या वाटेनें, अशी व्यवस्था झाली. त्यामुळें माल वाटेंत असतांनाच ‘कोठवर आलें?’ असें विचारण्याची सोय झाली. उत्तर यावयाचें तें तीन आंकडी संख्येनें, आणि तिच्यापुढें एक वाक्य: संख्या प्रोग्रॅमसाठीं, वाक्य माणसासाठीं.

१९७४ मध्यें जॉन पोस्टेल यांच्या टिपणानें ह्या संख्यांस नवी शिस्त लागली. पहिला आंकडाच निकाल सांगूं लागला. १५० म्हणजे आतां माल निघतो. २२६ म्हणजे काम पुरें झालें. आरंभीं ४ असेल तर अडचण तात्पुरती, पुन्हां प्रयत्न करावा. ५ असेल तर तोच हुकूम पुन्हां देण्यांत अर्थ नाहीं. हा शेवटचा भेद मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. विचारणाऱ्यास अपयशाचें कारण कळो न कळो, पुढें काय करावें हें तरी कळलें पाहिजे. फाइल संपल्याची खूण मात्र दुबळी होती. नेहमींच्या रीतींत मालाची वाट बंद झाली कीं फाइल संपली असें समजावयाचें. पण दुवा मध्येंच तुटला तरी वाट बंदच होते! २२६ साठीं न थांबणारा प्रोग्रॅम अर्धी फाइल पुरी म्हणून ठेवून देण्याचा धोका होताच.

माल तुकड्यातुकड्यांनीं नेऊन त्यांची पोंच देणारा जो टी. सी. पी., त्याच्या १९८१ च्या नियमांत तर साफच लिहिलें आहे, कीं ह्या पोंचेचा अर्थ पलीकडील टी. सी. पी. नें माल देण्याची जबाबदारी पत्करली, एवढाच. तो धन्याच्या हातीं पडला, असा नव्हे.

हा भेद विसरल्याचें फळ एम. आय. टी. मध्येंच भोगावें लागलें. ती हकीकत सॉल्ट्झर, रीड व क्लार्क यांच्या १९८४ सालच्या निबंधांत आहे. तेथें एका नाक्यापासून दुसऱ्या नाक्यापर्यंत प्रत्येक तुकडा तपासला जाई, म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे निश्चिंत होते. परंतु नाक्याच्या पोटांत माल असतांना त्यावर कोणाचीच नजर नव्हती. एका नाक्याच्या यंत्रांत बिघाड होऊन सुमारें दहा लाख बाइटांमागें एकदां शेजारच्या दोन बाइटांची अदलाबदल होऊं लागली. एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ फाइली त्याच वाटेनें वारंवार गेल्या व त्यांतील कांहीं बिघडल्या. अखेर जुने छापील कागद काढून, ओळीमागून ओळ डोळ्यांनीं ताडून पाहण्याची पाळी त्या मंडळींवर आली.

ई-मेलच्या नियमांनीं तीन आंकड्यांची ही रीत उचलली. पत्र घेणारें यंत्र शेवटीं २५० म्हणतें. त्या २५० चा अर्थ १९८९ सालीं बजावून सांगण्यांत आला: हें म्हणणाऱ्यानें पत्र पोंचविण्याचा भार घेतला आहे, आणि नंतर आपलें यंत्र बंद पडलें असल्या क्षुल्लक सबबीवर तें त्यानें हरवतां कामा नये.