वाया गेलेल्यांची यादी

क्रीडाइतिहासात विक्रमवीरांची यादी करणे सोपे असते, निराशा करणाऱ्यांची यादी करणे अवघड. धावा मोजता येतात. निराशा मात्र खेळाडूच्या नावावर लिहिली जात असली तरी ती घडते प्रेक्षकाच्या मनात. मुंबईच्या क्रिकेटचा विचार करताना आम्हांला हे विशेष जाणवते. आम्ही हिंगोलीत मराठी शिकवणारी माणसे. क्रिकेटच्या कारभारात आमचा जिल्हा ‘महाराष्ट्र’ संघाच्या हद्दीत येतो. मुंबईचा संघ निराळा. तरीही आमच्या पिढीने मन गुंतवले ते मुंबईतच. म्हणून मुंबईने ज्यांना ‘वाया गेले’ म्हटले, त्यांच्याविषयी थोडे लिहावेसे वाटते.

आधी हा शब्दप्रयोगच पाहू. आमच्याकडे सोयाबीन वाया जाते, कापूस वाया जातो. तेव्हा कोणी पिकाला दोष देत नाही. पाऊस किती झाला, बियाणे कसले होते, असे विचारले जाते. पण ‘पोरगा वाया गेला’ म्हटले की सगळा दोष पोराचाच. क्रियापद तेच, न्याय मात्र वेगळा. क्रीडासमीक्षेने यातला दुसरा न्याय उचलला, ही आमची मुख्य तक्रार आहे.

मुंबईची अपेक्षा कोठून आली, हे सांगायला हवे. १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात मुंबईने सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकला. एवढ्या यशानंतर जिंकणे ही बातमी उरत नाही, हरणे ही बातमी होते. ‘खडूस’ हे एरवी निंदेचे विशेषण या शहराने आपल्या क्रिकेटसाठी अभिमानाने स्वीकारले, तेही याच परंपरेतून. खडूस माणूस विकेट फेकत नाही, हार मानत नाही आणि रडत तर मुळीच नाही.

पण मुंबई रडली. मे १९९१ मध्ये वानखेडे स्टेडियमवर कपिलदेवच्या हरियाणाविरुद्ध रणजीचा अंतिम सामना होता. हरियाणाच्या धावा ५२२ आणि २४२. मुंबईचा पहिला डाव ४१०. शेवटच्या दिवशी ३५५ धावांचे लक्ष्य होते. तेंडुलकरने ९६ धावा केल्या, वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिले आणि अकरावा फलंदाज कुरुविला धावबाद झाला तेव्हा फलकावर ३५२ धावा होत्या. दोन धावांनी पराभव. वेंगसरकरांना मैदानावरच अश्रू आवरले नाहीत. त्या अश्रूंना कोणी दुबळेपणा म्हटले नाही. मुंबईच्या क्रिकेटनिष्ठेचा पुरावा म्हणून ते आजही आदराने सांगितले जातात.

आता दुसरे अश्रू. १३ मार्च १९९६, कोलकात्याचे ईडन गार्डन्स, विश्वचषकाची उपांत्य फेरी. श्रीलंकेच्या २५१ धावांचा पाठलाग करताना भारत एक बाद ९८ वरून आठ बाद १२० वर आला. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, जाळपोळ केली आणि सामना श्रीलंकेला बहाल झाला. विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर आला. तो बाद झाला नव्हता; १० धावांवर नाबाद होता. गोंधळ त्याने घातला नव्हता, पण त्या रात्रीचे चित्र म्हणून स्मरणात राहिला तोच. वेंगसरकरांचे रडणे निष्ठेचे ठरले, कांबळीचे रडणे त्याच्या पुढच्या घसरणीचे जणू भाकीत ठरले. फरक अश्रूंत नव्हता. वेंगसरकरांची कारकीर्द तोवर सिद्ध झालेली होती. कांबळी २४ वर्षांचा होता.

त्याचे आकडे पाहिले की ‘निराशा’ या शब्दाविषयी शंका येऊ लागते. १९८८ साली आझाद मैदानावर शारदाश्रमकडून खेळताना तेंडुलकरसह ६६४ धावांची अभेद्य भागीदारी, त्यात कांबळीच्या नाबाद ३४९. १९९३ मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, लगेच दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध २२७. एकूण १७ कसोटी, १०८४ धावा, ४ शतके, सरासरी ५४.२०. शेवटची कसोटी नोव्हेंबर १९९५ मध्ये, म्हणजे त्या कोलकात्याच्या रात्रीच्या आधीच. बेशिस्त, उसळत्या चेंडूपुढची अडचण ही कारणे नेहमी दिली जातात. ती सगळी खोटी आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण त्याच भागीदारीत दुसऱ्या टोकाला तेंडुलकर नसता, तर याच आकड्यांना आपण निराशा म्हटले असते का? दोन मित्रांची आपण बोधकथा केली. एकाला सदाचाराचा दृष्टान्त केले, दुसऱ्याला इशाऱ्याचा. डिसेंबर २०२४ मध्ये आचरेकर सरांच्या स्मारकाच्या कार्यक्रमात दोघे भेटले, तेव्हाही अनेकांना दोन माणसांची भेट दिसली नाही, कथेचे तात्पर्य दिसले.

त्या १९८८ च्या सामन्यात पॅड बांधून बसलेला तिसरा मुलगा अमोल मुजुमदार. भागीदारी तुटली नाही, त्याची पाळी आली नाही. पुढे १९९३-९४ च्या हंगामात हरियाणाविरुद्ध रणजी पदार्पणात २६०, प्रथमश्रेणीत ११,१६७ धावा आणि ३० शतके, कर्णधार म्हणून २००६-०७ चा रणजी करंडक. भारताकडून एकही सामना नाही. त्याला ‘दुर्दैवी’ म्हटले गेले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच होता आणि ‘अखेर न्याय मिळाला’ असे सगळे म्हणाले. आम्हांलाही आनंद झाला. पण या वाक्यात एक खोच आहे. हा चषक आला नसता तर त्या ११,१६७ धावा वाया गेल्या असे ठरणार होते काय?

निराशेला आधी जीव लावावा लागतो, हे पुण्याकडे पाहिले की कळते. पुणे वॉरियर्स आयपीएलमध्ये २०११ ते २०१३ असे तीन हंगाम खेळले. ४६ सामने, १२ विजय. कोष्टकात याहून निराशाजनक संघ शोधावा लागेल, पण त्याची शोकात्मिका कोणी सांगत नाही. २०१७ च्या अंतिम सामन्यात रायझिंग पुणे मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरले. एक धाव दोन धावांपेक्षा लहानच. तरी १९९१ च्या दोन धावांचे वजन तिला आले नाही. तो संघ दोनच हंगामांचा होता. त्याच्यामागे पंधरा करंडकांची सवय नव्हती.

म्हणजे अपेक्षाभंग हीसुद्धा एक श्रीमंतीच आहे. आमच्या शेजारच्या जालन्याच्या विजय झोलने २०११ साली १९ वर्षांखालील स्पर्धेत आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या, २०१४ च्या युवा विश्वचषकात देशाचे नेतृत्व केले. भारताच्या मुख्य संघापर्यंत तो पोहोचला नाही. मुंबईत यावर हळहळीचे साहित्य निर्माण झाले असते. हिंगोलीच्या आखाड्यांतून आणि कबड्डीच्या मैदानांवरून परतलेल्या मुलांची तर निराशा करणारे म्हणूनही कोठे नोंद नाही.

आणि एक कबुली. अर्ध्यावर बी.ए. सोडून पुण्याच्या कारखान्यात कामाला गेलेल्या हुशार मुलाबद्दल स्टाफरूममध्ये ‘वाया गेला’ असे आम्हीही म्हटलेले आहे. तेव्हा त्या वर्षीचा पाऊस आम्ही विचारात घेतला नव्हता.