धनुष्याच्या भुजांचा समतोल

धनुष्याच्या मुठीच्या वर व खाली असणाऱ्या दोन लवचिक भागांना भुजा म्हणतात. दोरी चढविलेल्या धनुष्यात या दोन भुजांच्या वाकण्यातील परस्परप्रमाणास तिरंदाजीच्या परिभाषेत ‘टिलर’ अशी संज्ञा आहे. प्रत्येक भुजेच्या मुळापासून दोरीपर्यंतचे लंब अंतर मोजून वरच्या अंतरातून खालचे वजा केले म्हणजे टिलर मिळतो. वरचे अंतर अधिक असल्यास तो धन, कमी असल्यास ऋण व दोन्ही अंतरे सारखी असल्यास शून्य मानतात. उदा., वरचे अंतर १८४ मिमी. व खालचे १८० मिमी. असल्यास टिलर +४ मिमी. होय. हा फरक बहुधा काही मिलिमीटरांचाच असतो. तथापि धनुष्याचे आयुष्य, बाणाचा मार्ग आणि नेम धरताना हाताला लाभणारे स्थैर्य या तिन्ही गोष्टी त्याच्याशी निगडित आहेत. हजारो वर्षे हा समतोल धनुष्यकार लाकडात कायमचा कोरून ठेवीत असे. विसाव्या शतकात तो मळसूत्र फिरवून केव्हाही बदलता येणारे माप झाला.

लाकडी धनुष्ये : डेन्मार्कमधील होल्मगार्ड येथील दलदलीत सापडलेली एल्म लाकडाची धनुष्ये इ. स. पू. सुमारे ७००० या काळातील मानली जातात. त्यांच्या भुजा टोकांकडे विचारपूर्वक निमुळत्या केलेल्या आहेत. यावरून भुजेच्या कोणत्या भागाने किती वाकावे, याचे भान मानवास त्या काळीच आले होते, असे दिसते.

एकसंध लाकडाच्या धनुष्यात समतोल साधण्याची रीत तत्त्वतः सर्वत्र सारखीच आहे. प्रथम दांडा ढोबळमानाने घडवितात. मग त्यास सैल दोरी बांधून तो खाचा पाडलेल्या एका उभ्या लाकडावर बसवितात. या साधनासही इंग्रजीत टिलर असेच नाव आहे. दोरी एकेक खाच खाली ओढून धनुष्यकार दूर उभा राहतो व दोन्ही भुजांचा बाक न्याहाळतो. जेथे लाकूड ताठ राहिले असेल तेथे ते कानशीने वा पात्याने खरवडतात आणि दोरी पुन्हा ओढून पाहतात. हा क्रम पूर्ण ओढ येईपर्यंत चालतो. यात मोठी अडचण अशी, की खरवडलेले लाकूड पुन्हा लावता येत नाही. एक भुजा दुबळी झाली, तर तिच्याशी मेळ घालण्यासाठी दुसरीही खरवडावी लागते. समतोल साधतो, पण धनुष्याचे बळ घटते. एकाच जागी लाकूड अधिक निघाले, तर ओढीचा सारा भार तेथे एकवटतो, दाबाच्या बाजूस आडव्या सुरकुत्या पडतात आणि अखेर भुजा मोडते.

दोन्ही भुजा तंतोतंत सारख्या ठेवणे हे मात्र सहसा उद्दिष्ट नसते. बाण मुठीच्या वरून जात असल्याने धनुष्यावर टेकलेल्या हाताचा दाब बाणाच्या रेषेखाली येतो, तर दोरीवरील ओढ धनुष्याच्या मध्याच्या किंचित वर पडते. त्यामुळे दोन्ही भुजांना समान भार मिळत नाही. यावर उपाय म्हणून खालची भुजा थोडी ताठ ठेवण्याची रीत अनुभवातून रूढ झाली. धन टिलरचे मूळ हेच होय.

रॉजर अ‍ॅस्कम याने टॉक्सोफिलस (१५४५) या इंग्रजी ग्रंथात धनुष्य कसे पारखावे याची चर्चा केली आहे. विकत घेतलेले धनुष्य प्रथम मैदानात नेऊन चालवावे आणि मग धनुष्यकाराकडे परत नेऊन त्याचा बाक नीट करून घ्यावा, असा त्याचा आशय आहे. समतोलाची अंतिम परीक्षा दुकानात होत नसून प्रत्यक्ष वापरात होते, हे तत्त्व त्यात आढळते. त्याच वर्षी बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेच्या अवशेषांतून १७२ धनुष्ये मिळाली. ती यू वृक्षाच्या लाकडाची आहेत. त्यांच्या पाठीस ताण सहन करणारे रसकाष्ठ व पोटास दाब सहन करणारे अंतःकाष्ठ ठेवलेले आहे.

संमिश्र व असमभुज धनुष्ये : मध्य व पश्चिम आशियात शिंग, लाकूड व कंडरातंतू सरसाने जोडून धनुष्ये बनवीत. भारतातही कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड व शिंग यांपासून बनविलेल्या धनुष्यांचा उल्लेख येतो. संमिश्र धनुष्याच्या भुजा खरवडण्याबरोबरच उष्णता देऊनही जुळवून घेता येतात. त्यामुळे धनुष्यकारास दुरुस्तीस थोडा अधिक वाव मिळतो.

असमतोलाचा पूर्ण विचार करून घडविलेले धनुष्य म्हणजे जपानचे ‘यूमी’ होय. दोन मीटरांहून अधिक लांबीच्या या धनुष्याची मूठ खालच्या टोकापासून सुमारे एकतृतीयांश अंतरावर असते. जपानी बेटांवरील लोकांची धनुष्ये खाली आखूड व वर लांब असतात, अशी नोंद तिसऱ्या शतकातील एका चिनी इतिहासग्रंथातही आहे. भुजांची लांबी एवढी भिन्न असूनही यूमी सुरळीत चालते. यावरून समतोल म्हणजे समानता नव्हे, तर दोन्ही भुजांनी मुठीभोवती एकमेकींस तोलून धरणे होय, हे स्पष्ट होते.

शास्त्रीय अभ्यास : विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात अमेरिकेत सी. एन्. हिकमन, पॉल क्लॉपस्टेग व फॉरेस्ट नॅगलर यांनी धनुष्याचा यामिकीच्या दृष्टीने अभ्यास केला. त्यांचे निबंध १९४७ मध्ये एकत्रित प्रसिद्ध झाले. धनुष्यकाराच्या नजरेला आता मोजमापाची व गणिताची जोड मिळाली. पुढे काचतंतूंच्या थरांच्या भुजा व धातूची मूठ प्रचारात आली. भुजा मुठीपासून सुट्या करता येऊ लागल्या आणि त्या जेथे मुठीत बसतात तेथील बोल्ट फिरवून त्यांचा कल बदलण्याची सोय झाली. ऑलिंपिकमध्ये १९७२ साली तिरंदाजीचे पुनरागमन झाल्यानंतर अशा सुट्या भुजांची धनुष्ये स्पर्धांत सर्वत्र रूढ झाली. त्यांत साधारणपणे शून्य ते +६ मिमी. टिलर ठेवतात.

कंपाउंड धनुष्य : अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या होलेस विल्बर अ‍ॅलन याने १९६६ मध्ये एकस्वासाठी अर्ज केला, १९६९ मध्ये त्यास एकस्व मिळाले. त्याच्या धनुष्यात भुजांच्या टोकांना उत्केंद्री चक्रे व त्यांना जोडणाऱ्या तारा होत्या. ओढीच्या मध्यास बल सर्वाधिक लागते व शेवटी ते घटते. त्यामुळे ताणलेले धनुष्य धरून शांतपणे नेम साधता येतो. आधुनिक धनुष्यांत ही घट बहुधा ६५ ते ८० टक्के असते.

या रचनेने टिलरचा अर्थ बदलला. लाकडी धनुष्यात भुजेचे वाकणे व दोरीची गती हा एकच प्रश्न होता. आता त्याचे दोन प्रश्न झाले. भुजांचा कल बोल्टांनी ठरतो, तर दोन्ही चक्रे एकाच वेळी फिरण्याचा मेळ तारांच्या लांबीने साधावा लागतो. एक चक्र आधी फिरले, तर बाणाचे मागील टोक सरळ रेषेत पुढे जात नाही. हा दोष टिलर बदलून दूर करू पाहणे ही सामान्य चूक होय. १९९० नंतरच्या दशकात एकाच कॅमची धनुष्ये व पुढे दोन्ही कॅम परस्परांस तारांनी जखडलेली धनुष्ये प्रचारात आली. या दुसऱ्या प्रकारात टिलर थोडा बदलला तरी कॅमचा मेळ फारसा बिघडत नाही.

मापन व समायोजन : मापनासाठी दोरीवर बसणारी काटकोनी पट्टी वापरतात. भुजा मुठीच्या खोबणीतून जेथे बाहेर पडते, तेथपासून दोरीपर्यंतचे लंब अंतर वर व खाली सारख्याच बिंदूंपासून घेतात. कंपाउंड धनुष्यात प्रथम दोन्ही बोल्ट पूर्ण आवळून मग सारख्या फेऱ्यांनी सैल करतात व शून्य टिलरपासून आरंभ करतात. बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेपलीकडे सैल करणे धोक्याचे असते. ताणाखालील भुजा खोबणीतून निसटून तिरंदाजास गंभीर इजा होऊ शकते. नेम धरताना धनुष्य सतत वर वा खाली डोलत असल्यास एक बोल्ट अर्धा फेरा फिरवून पुन्हा बाण सोडून पाहतात. नेम स्थिर झाला तर तो टिलर ठेवतात. मात्र बाण दोरीवर जेथे बसतो, ती जागा पुन्हा तपासावी लागते.

कंपाउंड धनुष्यास १९९५ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत स्थान मिळाले. बर्लिन येथे २०२३ मध्ये झालेल्या या स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारातील वैयक्तिक अजिंक्यपदे मिळविली. लॉस अँजेल्स येथील २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये या प्रकारातील मिश्र सांघिक स्पर्धा घेण्याचे २०२५ मध्ये ठरले.

धनुष्यकाराचे पाते जाऊन तिरंदाजाच्या हाती मळसूत्राची किल्ली आली. चुकलेले माप आता पूर्ववत करता येते आणि एका चुकीमुळे धनुष्य वाया जात नाही. परंतु योग्य टिलर कोणता, याचे उत्तर केवळ पट्टी देऊ शकत नाही. अ‍ॅस्कमच्या काळाप्रमाणे आजही ते बाण सोडून पाहिल्यावरच मिळते.