वैमानिकांचे लोकरी जाकीट : अस्सल आणि नक्कल



आपल्याकडे जाकीट म्हटले की सदऱ्यावर चढवायची बिनबाह्यांची बंडी डोळ्यांपुढे येते. मी बोलणार आहे ते जाकीट तसले नव्हे. ते मेंढीच्या केसाळ कातड्याचे. लोकर आत, कातडे बाहेर. बाह्या लांब आणि कॉलर एवढी रुंद की उभी केली म्हणजे कान झाकून जावेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलातील माणसे ते घालीत. 'अर्विन जाकीट' ह्या नावाने ते ओळखले जाते. आज त्याच्या हुबेहूब प्रती तयार होतात, भारी किमतीला विकल्या जातात आणि अस्सल कोणते, नक्कल कोणती, ह्यावर जाणकारांत कडाक्याचे वाद झडतात. एका कपड्यापायी एवढा खल कशाला, असे कोणी विचारील. विचारणे रास्तच आहे.

जमिनीपासून दर हजार फुटांमागे हवा सुमारे 2 अंश सेंटिग्रेडने थंड होत जाते. 25,000 फुटांवर पारा शून्याखाली 35 अंशांच्या आसपास उतरतो. त्या काळच्या बॉम्बफेकी विमानांत ऊब अशी फारशी नसेच आणि शेपटाकडे बसणाऱ्या तोफच्याचे हाल तर विचारूच नयेत. तेथे कातडे आणि लोकर ह्यांच्याशिवाय माणसाला आधार नव्हता.

हे जाकीट काढणारा लेस्ली अर्विन हा मूळचा अमेरिकन, उड्या मारण्याच्या कसरती करणारा माणूस. 28 एप्रिल 1919 रोजी ओहायोतील मॅककुक फील्ड येथे त्याने विमानातून उडी टाकली आणि अधांतरी असतानाच स्वतःच्या हाताने दोरी ओढून हवाई छत्री उघडली. उतरताना घोटा मोडला, पण छत्री यशस्वी ठरली. 1926 साली इंग्लंडात लेचवर्थ येथे त्याचा छत्र्यांचा कारखाना निघाला. छत्रीने ज्यांचे प्राण वाचले त्यांना तो रेशमाच्या किड्याची छोटी सोन्याची पिन देई, कारण छत्री रेशमाची! जाकीट आले ते पुढे, 1930 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत.

आता त्याची घडण पाहा. मनगटापासून वर बाह्यांना लांब चेन, म्हणजे जाड हातमोज्यांवरून बाही ओढून घेता यावी. कमरेला पट्टा. खिसा मात्र एकही नाही. सुरुवातीची जाकिटे मोठमोठ्या सलग कातड्यांची असत. युद्ध पेटले, मागणी वाढली, कातडे जपून वापरणे भाग पडले. मग लहान तुकडे जोडून अंग बेतू लागले आणि शिवणी वाढल्या. काम अनेक उपकंत्राटदारांकडे गेले. कोणाची चेन एका कारखान्याची, कोणाची दुसऱ्याच. समुद्रावर गस्त घालणाऱ्या काहींच्या जाकिटांना पिवळी टोपी जोडलेली असे, म्हणजे पाण्यात पडलेला माणूस वरून दिसावा.

येथेच खरी मौज आहे. 'अस्सल' असा एकच नमुना कधी अस्तित्वात नव्हताच. घाईने, टंचाईत, अनेक हातांनी शिवलेली ती वस्तू. दोन्ही बाजू काटेकोर जुळणारे, एकसारख्या रंगाचे जाकीट पाहिले की माझ्या मनात प्रथम शंकाच येते. म्हणून उत्तम नक्कल करणारा 'अर्विन जाकीट' सरसकट शिवत नाही; तो एका विशिष्ट कंत्राटाचे, एका विशिष्ट काळाचे जाकीट समोर उसवून ठेवतो आणि तुकड्यास तुकडा बेततो. शिवणीवरची कातडी पट्टी किती रुंद, चेनीचे दात कसे, कॉलरचे पट्टे कोठे, हे सारे त्याला पाहावे लागते. अमेरिकनांच्या 1934 सालच्या बी-3 जाकिटाची नक्कल करणाऱ्यांनाही हाच व्याप पडतो.

तरी काही तडजोडी टळत नाहीत. त्या वेळची पोरे सडपातळ होती. आजचे गिऱ्हाईक रुंद आहे. जुने कातडे ऐंशी वर्षांत वाळून इतके ठिसूळ होते की शिवणीपाशी कागदासारखे फाटते. ज्याला ते घालून हिंडायचे आहे त्याने नवेच घ्यावे. त्यात कमीपणा कसला? आत शिवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी असावी म्हणजे झाले.

माझी तक्रार निराळीच आहे. काही महाभाग नव्या कातड्याला घासून, मळवून जुने करतात, आत युद्धकालीन खात्याची खोटी चिठ्ठी शिवतात. आणि त्याहून वाईट म्हणजे, एखाद्या खऱ्या पण निनावी जाकिटावर कोणा मृत वैमानिकाचे नाव घालून त्याची किंमत वाढवतात. ब्रिटिश बॉम्बफेकी दलाचे 55,573 लोक त्या युद्धात कामी आले. 1940 साली हिंदुस्थानातून 24 वैमानिक इंग्लंडात गेले. महिंदरसिंग पुजी त्यांतलेच, पगडी बांधून हरिकेन विमान चालवणारे. अशा माणसांची नावे दलाच्या नोंदवह्यांत आहेत, कित्येकांची थडग्यांवर आहेत. ती उचलून बाजारातल्या कातड्यावर लिहिणाऱ्याला जाकिटाची नक्कल करणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसवणार नाही.

म्हणून कोणी आपल्यापुढे असे जाकीट ठेवले तर आधी आतली चिठ्ठी पाहावी, मग तिच्या कडेचा दोरा. जुन्या चिठ्ठीभोवती कोरा दोरा, आणि त्याखाली आधीच्या टाक्यांची रिकामी भोके.