मुलकी, उपरी आणि बिऱ्हाडकरू : निवासाच्या पुराव्याचा इतिहास

परक्या गावी घर भाड्याने मागणाऱ्या मनुष्याला 'आपण कोण, कोठले' असे विचारले जाणे ही काही नवी गोष्ट नव्हे. नवे आहे ते एवढेच की, हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर कागदोपत्री पडताळून पाहण्याचे काम राज्यसंस्थेने घरमालकाकडे सोपविले आहे. हे स्थित्यंतर कसे घडले, हे पाहण्यास परभणी जिल्ह्यातील ताडकळससारखे गाव सोयीचे आहे. आज पूर्णा तालुक्यात मोडणारे हे गाव ज्या जिल्ह्यात आहे, तो जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि 'आपला कोण, परका कोण' याची कायदेशीर व्याख्या करण्याचा एक ठळक प्रयत्न त्याच संस्थानात झाला.

त्यापूर्वीची कल्पना भाषेत टिकून आहे. पेशवाईच्या मुलखातील गावात कुळांचे दोन वर्ग असत. जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असलेला तो मिरासदार, आणि असा हक्क नसताना बाहेरून येऊन जमीन कसणारा तो उपरी. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या दोहोंतील भेद नोंदविला आहे. उपऱ्याला गावात राहण्यास मज्जाव नव्हता. पडीक जमीन लागवडीस आणावयाची तर त्याची गरजच असे. त्याला नव्हता तो स्थायी हक्क. हक्काविषयी तंटा उत्पन्न झाला तर निर्णय गोतसभेपुढे होई, साक्षी घेतल्या जात आणि महजर लिहिला जाई. म्हणजे पुरावा मुख्यतः गावाच्या स्मृतीत होता आणि कागद त्या स्मृतीच्या मागून येई. आज 'उपरा' या शब्दाला आलेली तुच्छतेची छटा ही मूळच्या हक्कभेदाची उरलेली खूण होय.

हैदराबाद संस्थानात हा क्रम उलटला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः सालारजंगाच्या कारभारसुधारणांच्या काळात, उत्तर हिंदुस्थानातून अनेक सुशिक्षित लोक संस्थानाच्या नोकरीत आले. त्यामुळे स्थानिकांत असंतोष वाढून 'मुलकी' आणि 'गैरमुलकी' असा वाद उभा राहिला. अरबी 'मुल्क' म्हणजे देश. मराठीतील 'मुलूख' हा शब्दही त्याच मुळाचा. १९१९ च्या मुलकी नियमांनी या लोकव्यवहारातील शब्दाला काटेकोर अर्थ दिला. जन्माने संस्थानचा प्रजाजन असलेला मुलकी होय. त्याचप्रमाणे ज्याने संस्थानात १५ वर्षे कायम वास्तव्य केले आहे, मूळ ठिकाणी परतण्याचा विचार सोडला आहे आणि तसे प्रतिज्ञापत्र विहित नमुन्यात करून दिले आहे, तोही मुलकी. दाखला पाहिजे असल्यास जिल्ह्याच्या तालुकदाराकडे अर्ज करावा लागे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, नुसते राहणे पुरेसे नसून मनातील हेतूही सिद्ध करावा लागे, आणि हेतू सिद्ध करण्यास शपथेच्या कागदाखेरीज साधन नव्हते. दुसरी अशी की, हे नियम सरकारी नोकरीपुरते होते. मुलकीपणाची तपासणी करणारा सरकारी अधिकारी असे. घरमालकाला बिऱ्हाडकरूचा मुलकी दाखला पाहण्याचे कारण नव्हते. 'दाखला' आणि 'दाखल होणे' हे दोन्ही शब्द आत शिरणे या अर्थाच्या एकाच अरबी धातूपासून आलेले आहेत. संस्थानात दाखला लागे तो नोकरीच्या दारात शिरण्यासाठी; घराच्या दारात त्याची गरज पडत नसे.

१९५० च्या राज्यघटनेने भारतात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क अनुच्छेद १९ मध्ये नागरिकांना दिला. मुलकीचा वाद तरीही संपला नाही. सप्टेंबर १९५२ मध्ये हैदराबाद शहरात या प्रश्नावर आंदोलन होऊन गोळीबारात माणसे दगावली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि येथे हा प्रश्न मागे पडला. तेलंगणात तो १९७२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयापर्यंत आणि १९७३ च्या बत्तिसाव्या घटनादुरुस्तीपर्यंत धगधगत राहिला.

घरमालकाचा या व्यवहारातील प्रवेश निराळ्या वाटेने झाला. १९४६ च्या परकीय नागरिकांविषयीच्या कायद्यातील कलम ७ अन्वये, मोबदला घेऊन निवासाची जागा देणाऱ्या प्रत्येकावर परकीय पाहुण्याची माहिती अधिकाऱ्यांस देण्याचे बंधन आले. मोठे हॉटेल असो की एक खोली असो, त्यात भेद नव्हता. पुढे नियमांनी ही माहिती चोवीस तासांत देणे आवश्यक केले. त्याच कायद्याच्या कलम ९ ने आणखी एक गोष्ट केली. एखादी व्यक्ती परकीय आहे किंवा नाही असा प्रश्न उद्भवल्यास आपण परकीय नसल्याचे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच टाकला. हा कायदा रद्द होऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा अमलात आला असला, तरी ही दोन्ही तत्त्वे त्यात कायम आहेत.

देशातल्या देशात स्थलांतर करणाऱ्यालाही आता यातून सुटका नाही. शहरांतील पोलीस अधिकारी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली, आणि १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १६३ खाली, भाडेकरूची माहिती पोलिसांस कळविण्याचे आदेश काढतात. न कळविणारा घरमालक शिक्षेस पात्र ठरतो. ताडकळसचा तरुण पुण्यात खोली शोधू लागला की मराठी बोलत असूनही त्याला ओळखपत्र पुढे करावे लागते. बांगला बोलणाऱ्या मजुराची अडचण याहून बिकट. बंगालीभाषक प्रदेश सीमेच्या दोन्ही बाजूंस असल्याने त्याची बोली नागरिकत्वाविषयी काहीच सिद्ध करीत नाही. तथापि संशय मात्र प्रथम बोलीवरूनच घेतला जातो. भाषा हा प्रदेशाचा पुरावा असू शकेल, नागरिकत्वाचा नव्हे, हा भेद दारात उभ्या असलेल्या घरमालकाने करावा अशी अपेक्षा धरणे अवघड आहे.

अशा व्यवस्थेचा परिणाम काय होतो, हे इंग्लंडमध्ये तपासले गेले आहे. तेथील २०१४ च्या कायद्याने भाडेकरूचा वास्तव्याचा हक्क तपासण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली. प्रथम वेस्ट मिडलंड्सच्या काही भागांत आणि १ फेब्रुवारी २०१६ पासून संपूर्ण इंग्लंडमध्ये ती लागू झाली. स्थलांतरितांच्या हितासाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या २०१७ मधील पाहणीत ५१ टक्के घरमालकांनी, या योजनेमुळे परदेशी व्यक्तीस घर देण्याचा विचार करण्याची आपली शक्यता कमी झाल्याचे सांगितले. मार्च २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ही योजना मानवी हक्कांशी विसंगत ठरविली. २०२० मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. मात्र काही घरमालक या योजनेमुळे भेदभाव करतात, ही वस्तुस्थिती अपील न्यायालयानेही मान्य केली.

याचे कारण द्वेषातच शोधण्याची आवश्यकता नाही. ते हिशेबात आहे. चुकीच्या मनुष्याला घर दिले तर घरमालकाला दंड होतो. योग्य मनुष्याला नाकारले तर बहुधा त्याचे काहीच बिघडत नाही. अशा स्थितीत सावध घरमालक कागद वाचीत बसण्याऐवजी नाव, चेहरा आणि उच्चार वाचतो. तालुकदार मुलकी दाखला नाकारीत असे तेव्हा निदान अर्ज कोणाकडे केला होता, हे अर्जदारास ठाऊक असे. घरमालकाचा नकार 'खोली कालच गेली' एवढ्या तीन शब्दांत आटोपतो. त्याची नोंद राहत नाही आणि त्यावर अपीलही नाही.

गोतसभेपासून ओळखपत्रापर्यंतच्या या प्रवासात पुरावा अधिकाधिक नेमका होत गेला, हे खरे. पण पुरावा तपासणारा मात्र अधिकाधिक अनभिज्ञ आणि अनुत्तरदायी होत गेला. निवासाच्या पुराव्याचा विचार करताना 'कोणता कागद' या प्रश्नाबरोबरच 'तो कोण पाहणार, आणि चुकल्यास कोणास जबाब देणार' हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे. मुलकी नियमांत या दुसऱ्या प्रश्नाला निदान उत्तर तरी होते.