भारतातील शालेय धर्मशिक्षण आणि मूल्यशिक्षण

भारतातील शालेय धर्मशिक्षण आणि मूल्यशिक्षण या विषयात विद्यार्थ्यांना, विशेषतः किशोरवयीनांना, धर्म, नीती आणि नैतिक निर्णय यांविषयी दिल्या जाणाऱ्या शिक्षणाचा समावेश होतो. विशिष्ट धर्माची उपासना व श्रद्धा शिकवणे आणि विविध धर्मांविषयी माहिती देणे हा भेद या विषयाच्या केंद्रस्थानी आहे.

घटनात्मक तरतुदी

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शैक्षणिक संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. राज्याकडून प्रशासित होणारी, परंतु धार्मिक शिक्षण आवश्यक ठरवणाऱ्या दाननिधीखाली किंवा न्यासाखाली स्थापन झालेली संस्था यास अपवाद आहे. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षणास अथवा उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही. त्यासाठी विद्यार्थ्याची, तो अज्ञान असल्यास पालकाची, संमती लागते. त्यामुळे अठरा वर्षांखालील विद्यार्थ्याच्या बाबतीत हा निर्णय त्याचा स्वतःचा नसून पालकाचा ठरतो.

आयोग आणि न्यायनिर्णय

कोठारी आयोगाने (१९६४–६६) धार्मिक शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत फरक केला. वेळापत्रकात नैतिक मूल्यांसाठी आठवड्याला एक-दोन तासिका राखून ठेवाव्यात आणि प्रमुख धर्मांची निवडक माहिती अभ्यासक्रमात असावी, अशी शिफारस त्याने केली. 'अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात २००० सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याला आव्हान देण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ते फेटाळले आणि धर्मांचा अभ्यास अनुच्छेद २८ ने निषिद्ध ठरत नाही, असा निर्णय दिला.

नैतिक निर्णयक्षमता

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी नैतिक विचारांच्या विकासाचे तीन स्तर व सहा टप्पे मांडले. मरणासन्न पत्नीसाठी न परवडणारे औषध पतीने चोरावे का, हा त्यांनी वापरलेला पेच प्रसिद्ध आहे. त्यात 'हो' किंवा 'नाही' या उत्तरापेक्षा त्यामागील कारणाला महत्त्व असते. या सिद्धान्तात न्यायावर भर असून आपुलकी व जबाबदारीच्या जाणिवेकडे दुर्लक्ष झाले आहे, अशी टीका कॅरल गिलिगन यांनी १९८२ च्या ग्रंथात केली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विद्यार्थ्यांना नैतिक निर्णयासाठी तार्किक चौकट देण्याचा आणि पुढील इयत्तांत फसवणूक, हिंसा, वाङ्मयचौर्य, सहिष्णुता व समता या विषयांवर तिचा विस्तार करण्याचा उल्लेख आहे.

अध्यापनातील प्रश्न

महाराष्ट्रातील शाळांत परिपाठातील प्रार्थना, सुविचार आणि बोधकथा हे मूल्यशिक्षणाचे परिचित माध्यम आहे. मात्र बोधकथेचे तात्पर्य आधीच ठरलेले असते, तर नैतिक पेचात दोन योग्य वाटणाऱ्या मूल्यांमध्येच संघर्ष असतो. परीक्षेत नक्कल करणाऱ्या मित्राचे नाव सांगावे का, या प्रश्नात प्रामाणिकपणा आणि मैत्री परस्परांसमोर उभे राहतात. अशा प्रश्नावर कारणांसह चर्चा करण्यासाठी विद्यार्थ्याला शिक्षकाशी असहमत होण्याची मोकळीक असावी लागते. केवळ गुणांसाठी लिहिलेल्या अपेक्षित उत्तरावरून त्याची निर्णयक्षमता कळत नाही.