कागदावरचं गाणं

वेस्टर्न क्लासिकल म्हटलं की काय दिसतं? काळ्या कपड्यांतली साठ-सत्तर माणसं आणि त्यांच्या पुढ्यात कागद. ख्यालाच्या मैफलीला सरावलेल्या डोळ्यांना तो कागद जरा खटकतोच. पण मला विचाराल तर या संगीताच्या हजार वर्षांच्या गोष्टीतला हीरो तो कागदच आहे. आणि थोडासा व्हिलनसुद्धा!

नवव्या शतकात युरोपातल्या मठांमध्ये प्रार्थना पाठ करून गायच्या. शब्दांच्या डोक्यावर काही खुणा असत, पण त्यावरून सूर वर जातोय की खाली एवढंच कळायचं. म्हणजे चाल आधीच येत असेल तर उपयोग, नाहीतर शून्य. १०२५ च्या सुमारास इटलीतल्या ग्विदो दारेझो नावाच्या मठवासी गुरुजींनी आडव्या रेघांवर सूर बसवले. कुठली खूण कुठल्या रेघेवर, त्यावरून नेमका सूर कळणार. दहा वर्षांचं शिक्षण आता एक-दोन वर्षांत होतं असा त्यांचा दावा होता. कधीच न ऐकलेलं गाणं नुसतं बघून गायचं... डॉक्युमेंटेशनचा कंटाळा करणाऱ्या आम्हा इंजिनियर लोकांनी या माणसाला दंडवत घालावा!

खरी गंमत पुढे झाली. एक चाल सगळ्यांनी मिळून पाठ म्हणता येते. पण चार जणांनी एकाच वेळी चार वेगळ्या ओळी गायच्या, त्याही लांबलचक, आणि त्या एकमेकींत चपखल बसायला हव्यात, तर लिहिण्याला पर्याय नाही. १२०० च्या आसपास पॅरिसच्या नोत्र दाममध्ये पेरोतँने अशा चार आवाजांच्या रचना केल्या. १५०१ मध्ये व्हेनिसमध्ये पेत्रुची अशा बहुस्वरी रचना छापून विकायला लागला आणि मग गाणं गावोगाव पोचलं.

कागदाने माणसंही वाचवली. बाखची 'सेंट मॅथ्यू पॅशन' १७२७ ची. १७५० मध्ये बाख गेला आणि पुढे लोक ती जवळजवळ विसरले. १८२९ मध्ये वीस वर्षांच्या मेंडेल्सोनने ती बर्लिनमध्ये पुन्हा सादर केली, कारण लिहिलेली होती. आणि बेथोवन? १८२४ मध्ये नववी सिंफनी सादर झाली तेव्हा त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. तरी त्याने ती रचली, कागदावर.

आता दुसरी बाजू. बाख, मोझार्ट, बेथोवन तिघेही आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्यात पटाईत होते. कंचेर्टोमध्ये 'कॅडेन्झा' नावाची जागा असते. तिथे ऑर्केस्ट्रा थांबतो आणि एकटा वादक मनाला येईल ते वाजवतो. पण १८०९ मध्ये पाचवा पियानो कंचेर्टो लिहिताना बेथोवनने ती जागा स्वतःच भरून टाकली, वर वादकाला सूचना की स्वतःचा कॅडेन्झा घालू नये! १८१७ मध्ये त्याने आपल्या सिंफनींच्या लयी मेट्रोनोमच्या आकड्यांत छापल्या. वादकाचं स्वातंत्र्य असं एकेक करून कागदावर गेलं. विसाव्या शतकापर्यंत उत्स्फूर्त वाजवणं मुख्यतः चर्चमधल्या ऑर्गनवादकांकडे उरलं. १९५२ मध्ये जॉन केजने साडेचार मिनिटांची शांतता 'रचली', वादकाने काहीच वाजवायचं नाही. पण तेही लिहून दिलं होतं. :)

मग फायदा की तोटा? १७४७ मध्ये पॉट्सडॅमला प्रशियाच्या राजाने, दुसऱ्या फ्रेडरिकने, बाखला एक सुरावट दिली आणि यावर आत्ता वाजवून दाखव म्हणाला. बाखने जागच्या जागी फ्यूग उभा केला. घरी जाऊन त्याच सुरावटीवर त्याने 'म्युझिकल ऑफरिंग' लिहिलं, ते आज कुणीही ऐकू शकतं. त्या संध्याकाळी महालात नेमकं जे वाजलं, ते मात्र तिथे हजर असलेल्या लोकांबरोबरच गेलं.